पहिले हजार किलोमीटर

[दृश्य: सकाळचा रस्ता, मागून दिसणारी पांढरी गाडी]

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ, सिंहगड रोड, वेळ साडेसात. पुढे ही जी पांढरी गाडी दिसतेय ना, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, ग्रिलला झेंडूचा हार, सीटवरचं प्लास्टिक अजून तसंच, ती माझ्या मेहुण्याची. चाललीय चाळीसनं. रस्ता मोकळा आहे, मागे पीएमपीची बस हॉर्न बडवतेय, रिक्षावाले वळून वळून बघत पुढे जातायत, पण याचा काटा चाळीसवरून हलायला तयार नाही. का, तर माझ्या सासऱ्यांनी बजावलंय, पहिले हजार किलोमीटर चाळीसच्या वर न्यायची नाही, इंजिन सेट व्हायचं असतं.

हे वाक्य तुमच्याही घरात कुणीतरी म्हटलंच असेल. पण सेट व्हायचं म्हणजे नक्की काय व्हायचं, हे विचारलं की सगळे गप्प. आम्ही तेच शोधत निघालो.

सासऱ्यांना मात्र हसू नका हं. त्यांची पहिली गाडी चेतक, आकुर्डीची, बुकिंग करून वर्षानुवर्षं वाट बघून मिळालेली. टू स्ट्रोक इंजिन, ऑईल पेट्रोलमध्येच मिसळायचं आणि नवीन असताना थोडं जास्तच मिसळायचं, म्हणजे पिस्टनला, सिलिंडरच्या नळकांड्यात वर-खाली पळणाऱ्या दट्ट्याला, वंगण मिळणार ते पेट्रोलबरोबर येईल तेवढंच. त्यात इंजिन नवं, घट्ट, वर मे महिन्याचं ऊन, डबलसीट आणि समोर घाट. पिस्टन तापून फुगायचा आणि सिलिंडरमध्ये अडकून बसायचा, जॅम. चालत्या स्कूटरचं मागचं चाक अचानक लॉक होतं तेव्हा काय वाटतं हे ज्यानं एकदा अनुभवलंय, तो पुढे जन्मभर सगळ्यांना चाळीसच सांगणार. कुर्ल्याला बनणाऱ्या पद्मिनीचंही तसंच, लोक मागच्या काचेवर रनिंग इन असा कागद चिकटवायचे, म्हणजे मागच्यानं समजून घ्यावं की बाबा हा हळू चाललाय त्याला कारण आहे.

भीती खरी होती. गाड्या बदलल्या, आकडा तसाच राहिला.

[दृश्य: नाना पेठ, गॅरेजची गल्ली, बाकड्यावर उघडलेलं इंजिन]

हे नाना पेठेतलं गॅरेज. मिस्त्रींनी नाव सांगू नका म्हटलंय, उगाच गिऱ्हाईकं वाढतील म्हणाले, तर आपण त्यांना मिस्त्रीच म्हणू. बाकड्यावर आहे छोट्या हत्तीचं इंजिन, दोन सिलिंडर, ७०२ सीसी, डिझेल. भाजीची वाहतूक करणारी गाडी, इंजिन भरपूर चालून थकलं म्हणून दोन महिन्यांपूर्वी नव्या रिंगा घातल्या होत्या, आणि आता परत उघडलंय. का उघडलं ते थोड्या वेळानं कळेलच.

मिस्त्री सिलिंडरमध्ये बॅटरी मारतात आणि म्हणतात, वाकून बघा. आत आरसा. गुळगुळीत, चकचकीत, तोंड दिसेल इतका. मला वाटलं वा, काय मस्त फिनिशिंग आहे. मिस्त्री म्हणाले, हाच तर आजार आहे.

आता हे नीट समजून घ्या, कारण सगळी गोष्ट इथेच आहे. पिस्टनला साधारण तीन रिंगा असतात. वरच्या दोन गॅस अडवायला, खालची भिंतीवरचं जास्तीचं ऑईल पुसून काढायला. आणि सिलिंडरची भिंत मुद्दाम खरखरीत केलेली असते, होनिंगच्या दगडांनी तिच्यावर तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा ओढतात. इतक्या बारीक की केसाच्या जाडीशीही तुलना नको. कशाला ओढतात? तर एक म्हणजे त्या चरांमध्ये ऑईल टिकून राहतं, आणि दुसरं म्हणजे त्या रेघांचे जे टोकदार कंगोरे असतात ते कानशीसारखं काम करतात, रिंग घासते, भिंतीचे कंगोरेही झिजतात, आणि दोघं एकमेकांच्या मापाचे होतात.

घरी पाटा असेल तर हे लगेच कळेल. पाटा गुळगुळीत झाला की त्यावर काही वाटलं जात नाही, म्हणून टाकीवाला यायचा, छिन्नीनं ठोकून ठोकून पाट्याला टाकी लावून जायचा. आणि त्यानंतरचं पहिलं वाटण कुणी खायचं नाही, त्यात दगडाची कचकच असते, ते फेकून द्यायचं. होनिंग म्हणजे सिलिंडरला लावलेली टाकी. आणि पहिल्या वाटणातली ती कचकच लक्षात ठेवा, ऑईलच्या वेळी परत लागणार आहे.

आता खरी मेख. रिंग भिंतीवर दाबते कोण? तुम्ही म्हणाल रिंगेचीच स्प्रिंग. ती असतेच, पण किरकोळ. खरा दाब देतो जळणारा गॅस. स्फोट झाला की गॅस वरच्या रिंगेच्या मागे शिरतो आणि तिला बाहेर, भिंतीवर ढकलतो. पेट्रोल इंजिनात पूर्ण लोडवर हा दाब टायरमधल्या हवेच्या वीसेक पट तरी असतो, डिझेलमध्ये त्याहून कितीतरी जास्त. म्हणजे तुम्ही ॲक्सिलरेटर दिला, इंजिनावर लोड आला, तरच रिंग भिंतीवर घट्ट घासणार. नुसतं कुरवाळत चालवलं तर रिंग भिंतीवरून तरंगत जाते, मागे राहिलेलं ऑईल उष्णतेनं भाजून त्या रेघांमध्ये भरतं, त्याचं रोगणासारखं पातळ कवच तयार होतं, कंगोरे बोथट होतात आणि झाला आरसा. एकदा आरसा झाला की मग कितीही चालवा, रिंग बसत नाही. गाडी ऑईल पीत राहते, मागून निळसर धूर.

छोट्या हत्तीचं हेच झालं होतं. रिंगा घातल्यावर मालकाला कुणीतरी सल्ला दिला की दोन दिवस नुसती चालू ठेव, आयडलिंगवर, आपोआप सेट होईल. त्यानं बिचाऱ्यानं ठेवली. सकाळी चालू, संध्याकाळी बंद. डिझेल गेलं, रिंगा गेल्या, मिस्त्रींची मजुरी पुन्हा भरायची वेळ आली.

[दृश्य: मेहुण्याच्या गाडीत, मॅन्युअल उघडतानाचा हात]

गाडीबरोबर एक जाड पुस्तक मिळतं. ते ग्लोव्ह बॉक्समध्ये प्लास्टिकच्या पिशवीतच म्हातारं होतं. आम्ही पिशवी फाडली. रनिंग-इनचं एक पान असतं त्यात, आणि कंपनी कुठलीही असो, मजकूर साधारण सारखाच असतो. पहिले १,००० किलोमीटर फुल ॲक्सिलरेटर नको, इंजिन ओरडवू नका, एकाच स्पीडवर बराच वेळ चालवू नका, वरच्या गिअरमध्ये गाडी कुंथवू नका, मागे काही ओढू नका. चाळीसचा आकडा कुठेही नाही! मेहुण्यानं ते पान दोनदा वाचलं, मग फोटो काढून वडिलांना पाठवला. उत्तर आलं नाही, नुसत्या दोन निळ्या टिका.

एकाच स्पीडवर का नाही, तर लोड एकच, दाब एकच, रिंग एकाच पद्धतीनं घासत राहते. म्हणून नवी गाडी घेऊन मुंबईला जायला एक्सप्रेसवे धरला आणि क्रूझ कंट्रोल लावून सलग शंभरवर ठेवली, तर घाट सोडून स्पीड लिमिट पाळली हो, पण इंजिनासाठी ती काही चांगली शाळा नाही. आणि कुंथवणं म्हणजे चौथ्या गिअरमध्ये तीसनं चढ चढणं. लोकांना वाटतं आवाज कमी म्हणजे इंजिनाला त्रास कमी, पण उलटं असतं, फेरे कमी आणि जोर जास्त, अशा वेळी बेअरिंगमधला ऑईलचा पडदा सगळ्यात पातळ होतो.

मग आम्ही काय केलं, वाईला निघालो, गणपतीचं दर्शन हे घरच्यांना सांगायचं कारण. पुणे-सातारा रस्ता या कामाला फार छान आहे. कात्रजचा नवा बोगदा, मग मोकळं, मग खेड शिवापूरचा टोल, थांबा, परत उचला, ट्रक आला, तिसरा टाका, ओव्हरटेक करा, सोडा. काटा दोन हजार ते साडेतीन हजार आरपीएममध्ये, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांमध्ये, वर-खाली. आणि पुढे खंबाटकी. आम्ही गेलो तेव्हा पुण्याहून जाताना घाट चढावा लागला, येताना बोगदा, त्यामुळे जातानाच चांगली पंधरा मिनिटं इंजिनाला काम मिळालं. तिसऱ्या गिअरमध्ये, अर्ध्या-पाऊण ॲक्सिलरेटरवर, न ओरडता. मेहुणा पहिल्या दोन वळणांना श्वास धरून होता, नंतर गाणी लावली.

सकाळी चालू केल्यावर दहा मिनिटं गरम करायचीही गरज नाही, आताच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांना अर्धा मिनिट पुरे, मग सावकाश निघायचं. फक्त एक, टेंपरेचरचा काटा मध्ये आला म्हणजे ऑईल तापलं असं नाही, पाणी लवकर तापतं, ऑईलला वेळ लागतो, तोवर जोर नको. ब्रेक आणि टायरही नवे असतात, पहिले दोन-तीनशे किलोमीटर त्यांच्याकडूनही फार अपेक्षा ठेवू नका, नवा टायर घसरतो आणि नवे पॅड डिस्कवर नीट बसलेले नसतात.

[दृश्य: ट्रेलरवरून उतरणाऱ्या नव्या गाड्या]

इथे एक गंमत सांगतो, गंमत कसली म्हणा. डिलिव्हरी घेताना ओडोमीटर बघितलाय कधी? शून्य नसतोच. वीस, चाळीस, कधी साठ. म्हणजे कारखान्यातून यार्डात, यार्डातून ट्रेलरवर, ट्रेलरवरून शोरूमला, प्रत्येक ठिकाणी कुणीतरी ती थंडगार इंजिनावर चालू केली, रॅम्पवर चढवायला रेस केली, आणि बंद केली. तुम्ही पुढे हजार किलोमीटर सोवळं पाळणार, पण पहिला घास दुसऱ्यानंच खाल्लेला असतो. मग इंजिनं बिघडत का नाहीत? कारण आता होनिंगच असं करतात की सगळ्यात उंच कंगोरे कारखान्यातच उतरवलेले असतात, मापं फार काटेकोर असतात, बरचसं काम आधीच झालेलं असतं. म्हणूनच चाळीसनं चालवणाऱ्याचंही निभावतं आणि पहिल्या दिवशी पिदडणाऱ्याचंही बऱ्याचदा निभावतं, आणि मग दोघंही व्हिडिओ बनवतात की माझीच पद्धत बरोबर.

पिदडा म्हणणाऱ्यांच्या बोलण्यात अर्धं सत्य आहे, ते मी मान्य करतो. लोड हवाच. ते बघायचं असेल तर बारामतीला जा. तिथे ट्रेनिंगची छोटी विमानं घिरट्या घालत असतात. सेस्ना १७२ सारख्या विमानात लायकमिंग कंपनीचं पिस्टन इंजिन असतं, आणि ते ओव्हरहॉल करून, म्हणजे पूर्ण उघडून नवं करून, बसवलं की कंपनीचीच सूचना असते, पहिला तास ७५ टक्के पॉवरवर उडवा, नंतर ६५ ते ७५ च्या मध्ये बदलत राहा. हवेत! जिथे इंजिन बंद पडलं तर साईडला घेता येत नाही तिथे. आणि ऑईल साधं मिनरल, पहिले ५० तास किंवा ऑईल पिणं स्थिर होईपर्यंत, कारण फार निसरडं ऑईल असेल तर रिंगा घासायच्याच नाहीत. पण ७५ टक्के म्हणजे शंभर नाही, आणि थंड इंजिनावर तर अजिबात नाही, हे दुसरं अर्धं सत्य पिदडणारे विसरतात.

ऑईलवरून आठवलं, ती पाट्याची कचकच. झिजलेले कण ऑईलमध्ये येतात, बरेचसे फिल्टर पकडतो. मोटरसायकलला पहिलं ऑईल ५०० ते १,००० किलोमीटरलाच बदलतात, कारण बहुतेक बाईकमध्ये गिअरबॉक्स आणि क्लचही त्याच ऑईलमध्ये असतात, त्यांचीही झीज त्यातच. बीएमडब्ल्यूच्या एम गाड्यांना २,००० किलोमीटरला खास रनिंग-इन सर्व्हिस असते, ऑईल बदलायची. उलट होंडा म्हणते आमचं पहिलं ऑईल वेळेआधी काढूच नका. मी स्वतः हजारला बदललं असतं, मनाच्या समाधानासाठी, मेहुण्यानं नाही बदललं, पुस्तकात नव्हतं म्हणून. तो बरोबर, मी वहमी.

आठशे किलोमीटरला त्यानं पहिल्यांदा डिपस्टिक काढून बघितली. कुठे असते हेही आधी माहीत नव्हतं, पिवळं हँडल असतं तेच. ऑईल वरच्या खुणेच्या सुताभर खाली. नवं इंजिन थोडं पितं, रिंगा बसल्या की कमी होतं.

[दृश्य: गॅरेज, संध्याकाळ]

छोटा हत्ती तयार झाला. परत होनिंग, परत नव्या रिंगा, आरसा गेला, तिरप्या रेघा आल्या. इंजिन चालू झालं, मिस्त्रींनी गळती आहे का ते बघितलं, काटा बघितला, आणि लगेच ड्रायव्हरला हाक मारली. पोरगा विशीतला. मागे पाच-सहा पोती कांदा टाकायला लावला, पूर्ण लोड नाही, अर्धा.

"जुन्या कात्रज घाटानं वर जा. दुसरा-तिसरा टाकून चढ, कुंथवू नको, थांबू नको. बोगदा पार केला की वळव."

"आणि मालक म्हणाले हळू चालव, तर?"

"मालकांना माझ्याकडं पाठव."

तासाभरानं गाडी परत आली. इंजिन चालूच ठेवून मिस्त्रींनी ऑईलचं टोपण काढलं आणि त्या तोंडावर तळहात धरला, गॅस खाली निसटत असेल तर इथून फसफस वारा लागतो. आधीच्या वेळी धूर यायचा इथून. थोडा वेळ तसाच हात धरून उभे राहिले, मग माझा हात ओढून तिथे ठेवला. जेमतेम फुंकर.

"अजून दोन फेऱ्या," ते पोराला म्हणाले, "उद्या सकाळी. आणि कांदे उतरवू नको."