जिओकॅशिंगमध्ये गुण कशाचे द्यायचे?

मंडळी, जिओकॅशिंग म्हणजे कुणीतरी लपवलेला डबा जीपीएसच्या मदतीनं शोधायचा खेळ. त्याचा अधिकृत हिशेब अगदी सरळ आहे. डबा सापडला, आतल्या वहीत नाव लिहिलं, खेळाच्या संकेतस्थळावर नोंद केली, की खात्यात एक जमा. तो डबा पुलाच्या कठड्याला चुंबकानं चिकटवलेला असो, नाहीतर होडीशिवाय न गाठता येणाऱ्या बेटावर असो, एक म्हणजे एकच.

या हिशेबातून काय निपजलं ते पाहायचं तर अमेरिकेतल्या नेव्हाडा राज्यातल्या स्टेट रूट ३७५ या रस्त्याकडे बघा. नियमानुसार दोन डब्यांत किमान ५२८ फूट, म्हणजे साधारण १६१ मीटर अंतर लागतं. या रस्त्यालगत जवळपास तेवढ्याच अंतरानं हजाराहून जास्त डबे मांडले गेले, बहुतेक कॅमेऱ्याच्या रोलच्या डब्या. गाडी थांबवा, डबी उचला, शिक्का मारा, पुढे चला. काहींना तेही सावकाश वाटतं. ते डबी सोबत घेतात, मागच्या ठिकाणची सही झालेली डबी तिथे ठेवतात आणि हातातल्या वहीत चालत्या गाडीत सही करतात. आकडा फुगतो, पण शोधलं काय?

म्हणून आपल्या मित्रमंडळींत एका दिवसाची स्पर्धा लावायची असेल तर हा हिशेब बाजूला ठेवा. प्रत्येक डब्याला काठिण्य (शोधायला किती अवघड) आणि भूभाग (तिथे पोहोचायला किती अवघड) असे दोन दर्जे असतात. १ ते ५, अर्ध्याच्या पायरीनं. एकूण ८१ जोड्या होतात. भूभाग १ म्हणजे व्हीलचेअर पोहोचते, ५ म्हणजे होडी, दोर किंवा तसंच काही साहित्य लागतं. बरेच आयोजक या दोहोंची बेरीज करतात. एका गटानं १.५/१.५ चे १२ डबे काढले, दुसऱ्यानं ४/४ चे २. बेरजेनं ३६ विरुद्ध १६. गुणाकार केला तर २७ विरुद्ध ३२. मी गुणाकाराच्या बाजूचा, कारण अवघड डब्यामागे गेलेला अर्धा दिवस तिथे वाया जात नाही.

गुणाकाराचीही एक खोट आहे: दर्जा ठरवतो डबा ठेवणारा. प्रत्येक जोडीचा एक तरी डबा शोधून ८१ जोड्यांचा तक्ता भरायची हौस असलेल्यांची सोय म्हणून साध्या डब्याला ५ लावणारे महाभाग आहेत. यावर सामायिक गुण हा चांगला तोडगा. प्रत्येक डब्याला ६० गुण, आणि ज्या गटांना तो सापडला त्यांत समान वाटणी. चौघांना सापडला तर १५, एकालाच सापडला तर ६०. साठच घ्यायचे, कारण त्याला १ ते ६ सगळ्यांनी निःशेष भाग जातो. अवघड काय ते मैदानच ठरवतं, आणि निकाल शेवटपर्यंत कुणाला कळत नाही.

मात्र इथे लबाडीला वाव आहे. आपल्यामागून येणाऱ्याला सापडू नये म्हणून डबा हातभर आत सरकवला जातो. ठेवतानाच प्रत्येक डब्याचा फोटो काढून ठेवा आणि स्पर्धा चालू असताना एका पंचाला फिरता ठेवा. आदल्या संध्याकाळी सगळे डबे जागेवर आहेत ना, हेही पाहा. गायब झालेल्या डब्यापाशी एखादा गट ४० मिनिटं झाडं चाचपत बसला, तर नंतर तो डबा रद्द करून ती मिनिटं परत मिळत नाहीत. आणि सापडला नाही म्हणून स्वतःचा डबा ठेवून सही करणाऱ्याला शून्य.

गटातले तिघे तीन दिशांना पांगले तर स्पर्धा माणसं मोजण्याची होते. तिघे हाकेच्या अंतरात हवेत, हे आधीच सांगा. प्रत्येक गटाची सुरुवात वेगळ्या डब्यापासून करा, नाहीतर पहिल्याच झाडाखाली रांग लागते. उशिराला दर मिनिटाला ५ गुण वजा.

डबा सगळ्यांत आधी शोधण्याला मात्र जादा गुण देऊ नका. संकेतस्थळही त्याची अधिकृत मोजदाद ठेवत नाही. लोक आपापल्या नोंदीत लिहितात आणि त्यावरून भांडतात. स्पर्धेत त्याला गुण लावले की लोक गाड्या दामटतात. बरोबरी झालीच, तर ज्या गटाकडे एकट्यानं शोधलेले डबे जास्त, तो पुढे.