जखम भरली, पण काम बाकी आहे

नमस्कार. समोर आशाताई बऱ्याच दिसतायत, ते लई बरं झालं, कारण भाजलेल्या माणसांबद्दल मला आज जे सांगायचंय ते दवाखान्यात कमी आणि घरी जास्त करावं लागतं.

आपल्याकडं माणसं कशानं भाजतात ते तुम्हाला सांगायची गरज नाही. बंबातलं कढत पाणी, चुलीत पऱ्हाट्या सारताना पेटलेला पदर, गुऱ्हाळावरच्या काहिलीतला रस, डीपीवर फ्यूज टाकायला चढलेला पोरगा. जाळानं किंवा कढत पाण्यानं भाजलं की नळाखाली, नळ नसला तर तांब्यानं, साधं पाणी २० मिनिटं ओतत राहायचं, टंचाई असली तरी एवढं पाणी काढून ठेवायचंच. टूथपेस्ट, शाई, तूप नको, आणि बर्फ तर अजिबात नको.

आता जखमेकडं बघा. लाल आहे, ओली आहे, फोड आलेत, हात लावू देत नाही, अशी जखम बहुतेक वरवरची असते. केसांच्या मुळाशी आणि घामाच्या ग्रंथींमधी कातडीच्या पेशी वाचलेल्या असतात, तिथून नवी कातडी सरकत येते आणि दोनेक आठवड्यांत जखम झाकते. पण पांढरी किंवा काळपट, कोरडी, कडक, टोचलं तरी कळत नाही अशी असली तर ती खोल. घरचे म्हणतात, ठणकत नाही म्हणजे साधंच आहे. अहो, नसाच जळाल्यात म्हणून ठणकत नाही! अशा पेशंटला त्याच दिवशी घेऊन निघा.

तीन आठवडे हा आकडा ध्यानात ठेवा. त्याच्या आत जखम भरली तर व्रण बहुतेक बरा येतो, पुढं रेंगाळली की जाड, उठलेला, खाजरा व्रण यायची शक्यता खूप वाढते. म्हणून खोल जखम आपोआप भरायची वाट बघत बसायचं नाही, जळालेला भाग काढून त्यावर कातडी लावायची. १९७० साली झोरा यान्झेकोविच या तेव्हाच्या युगोस्लाव्हियातल्या डॉक्टर बाईंनी हे लवकर काढून लगेच झाकायचं तंत्र जगापुढं मांडलं, आणि भाजलेल्यांची सर्जरी तिथून बदलली. मला या बाईंबद्दल फार आदर आहे.

कातडी म्हणजे सगळी जाडी काढत नाहीत बरं का. मांडीवरून अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही पातळ पापुद्रा निघतो, मागं उरलेली जागा १०-१४ दिवसांत भरते, तिथून परत घेता येते. अंगावर जागा कमी असली की पापुद्र्याला बारीक चिरा पाडून त्याची जाळी करतात, ताणली की जास्त भाग झाकतो. लावलेली कातडी पहिले एक-दोन दिवस जखमेतल्या ओलाव्यावरच जगते, मिरचीचं रोप दुसरीकडं लावलं की मूळ धरेपर्यंत जसं असतं तसं. मग खालच्या रक्तवाहिन्या जुळतात. त्या चार-पाच दिवसांत हात हलला, खाली रक्त साकळलं किंवा पू झाला की कातडी सुटलीच. पाचव्या दिवशी पट्टी उघडताना आम्हीसुद्धा श्वास धरतो. सलाईननं गॉज भिजवून हळूहळू सोडवायचा, खाली गुलाबी रंग दिसला, बोटानं दाबलं की फिका पडून परत भरला, म्हणजे धरली.

आणि इथंच लोकांचं चुकतं. जखम मिटली, सुट्टी झाली, आता कामून यायचं दवाखान्यात? पण व्रण आत काम करतच असतो, दीड-दोन वर्षं. त्यातल्या पेशी ओढून घेतात, आणि ज्या बाजूला पेशंटला आराम वाटतो त्याच बाजूला सांधा आखडतो. मान भाजलेल्या बाईला माया म्हणून उशी देतात, आणि काही महिन्यांत हनुवटी छातीला टेकायला लागते. तिला उशी द्यायची नाही, खांद्याखाली घडी ठेवून मान मागं ठेवायची. कोपर सरळ, काख उघडी, रात्री स्प्लिंट, म्हणजे सांधा सरळ धरून ठेवणारा आधार. प्रेशर गारमेंट, म्हणजे व्रण दाबून ठेवणारा घट्ट कपडा, रोज २३ तास, फक्त अंघोळीला आणि मालिशला काढायचा. मे महिन्यात ४२ डिग्रीत ते घालणं म्हणजे छळ आहे हे मला कळतं, त्यात लावलेल्या कातडीला घामही येत नाही, म्हणून अशा माणसाला दुपारी रानात पाठवू नका, ओला टॉवेल जवळ ठेवा. पण गारमेंट सोडू नका, लेकरांचा तर अजिबात नाही, लेकरू वाढतं, व्रण तेवढा वाढत नाही.

खाण्याचं पण सांगतो. वरण-भात, दही, अंडी खाल्ल्यानं पू होतो म्हणून बंद करतात, हे ऐकून मला खरंच वाईट वाटतं. जखम भरायला प्रोटीनच लागतं. अंडी, डाळ, शेंगदाणे, दूध, जे घरात असंल ते भरपूर द्या.

शेवटी मागच्या ताईंनी मघाशी विचारलं त्याचं. लहानपणी भाजलेलं, हात आखडलेला, वीस वर्षं झाली, आता काय उपयोग? आहे ताई, उपयोग आहे. आखडलेला भाग मोकळा करून कातडी लावता येते किंवा झेड आकाराचा छेद घेऊन लांबी मिळवता येते, वर्षं बरीच झाली तरी हे करता येतं. आणि त्या जुन्या व्रणावर सारखी चीर पडत असंल, जखम महिना महिना भरत नसंल, तर थांबू नका, तिथं कॅन्सर होऊ शकतो, तुकडा काढून तपासावा लागतो. अशा पेशंटला घेऊनच या, मी ओपीडीला असतो.