व्हिसा कोणाच्या हाती?

अध्यक्षमहोदय आणि मित्रहो, कुशल परदेशी कामगारांना अमेरिकेत नोकरी करू देणाऱ्या एच-वन-बी व्हिसामुळे अमेरिकन कामगारांच्या नोकऱ्या जातात की वाढतात, यावर आपण नेहमीच वाद घालतो. मला मात्र त्या व्हिसाची दोरी कोणाच्या हाती असते हे आज सांगायचे आहे, आणि त्यासाठी एक जुनी आठवण सांगणे भाग आहे.

मी या व्हिसावर अमेरिकेत गेलो, तेव्हा एका कार्यालयात एक अमेरिकन सहकारी मला सहा आठवडे काम शिकवत होत्या. रात्री चालणाऱ्या बिलांच्या प्रोग्रॅमपैकी महिनाअखेरीस कोणता अडतो आणि अडला तर आधी कोणती फाइल दुरुस्त करायची, हे त्यांनी वर्षानुवर्षे एका वहीत पेन्सिलीने टिपून ठेवले होते. ती वही त्या मला पानापानाने समजावून देत होत्या, कारण शिकवणे पूर्ण झाले तरच नोकरी सुटतानाची भरपाई त्यांच्या हाती पडणार होती. शेवटच्या दिवशी वही माझ्यापुढे ठेवून त्यांनी माझा पगार विचारला. मी सांगितलेला आकडा त्यांच्या पगारापेक्षा बराच कमी होता, आणि तरीही कायद्याने सारे बिनचूक होते, हे मला आजही डाचते.

बिनचूक कसे, तेही पाहा. मालकाने स्वतःच्या तशाच कामगारांना देतो तो पगार किंवा त्या भागात त्या कामाला सर्वसाधारणपणे मिळणारा, म्हणजे प्रचलित पगार, यांपैकी जो जास्त असेल तो द्यायचा असतो. पण काम बाहेरच्या कंत्राटदाराला दिले की मालकच बदलतो आणि जुन्या कर्मचाऱ्यांशी तुलना उरत नाही. प्रचलित पगाराच्या ४ पायऱ्यांपैकी सर्वांत खालची पायरी अनेक वर्षे अशी होती, की त्या व्यवसायातल्या १०० जणांपैकी सुमारे ८३ जण तिच्याहून अधिक कमावत. शिवाय वर्षाला ६०,००० डॉलर पगार दिला की, स्थानिकांना हटवू नये ही व्हिसावर विसंबलेल्या कंपन्यांवरची अट लागू होत नाही, आणि हा आकडा १९९८ साली ठरलेला आहे.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, म्हणून मुख्य मुद्दा थोडक्यात मांडतो. अर्थतज्ज्ञ जिओव्हानी पेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९९० ते २०१० या काळात, परदेशी तंत्रज्ञ वाढलेल्या शहरांत पदवीधर अमेरिकनांचे पगारही वाढलेले आढळले. संगणक क्षेत्रापुरते पाहणाऱ्या इतर अभ्यासांत मात्र त्याच क्षेत्रातल्या स्थानिकांचे पगार थोडे दबलेले दिसतात. मला दोन्ही खरे वाटते, कारण नव्या माणसाच्या कौशल्याने शहराचा फायदा होतो, पण त्याच्या अगतिकतेचा भार शेजारच्या टेबलावर पडतो. नोकरी बदलायची तर नव्या मालकाने अर्ज करावा लागतो, नोकरी गेली तर बहुधा ६० दिवसच हाती असतात, आणि कोणत्याही एका देशाला वर्षाच्या ग्रीन कार्डांपैकी, म्हणजे कायम वास्तव्याच्या परवान्यांपैकी, ७ टक्क्यांचीच मर्यादा असल्यामुळे भारतीयांची रांग काही दशकांची झाली आहे. असा माणूस पगारासाठी घासाघीस करणार कशी? २०२५ साली नव्या अर्जांवर लादलेल्या १,००,००० डॉलर शुल्कानेही ही दोरी सैल होत नाही. व्हिसा कामगाराच्या नावाने द्यावा आणि पगाराची किमान पायरी त्या व्यवसायातले निम्मे जण ज्याहून अधिक कमावतात त्या मधल्या पगारापर्यंत न्यावी, एवढे माझे म्हणणे आहे. तसे असते, तर त्या बाईंच्या जागी मला स्वस्त म्हणून बसवण्याचे कारणच उरले नसते.