बळी की बलिदान?

(दृश्य : जेरुसलेमची जुनी तटबंदी, पहाट)

यहुद्यांच्या वल्हांडण सणाचे दिवस. जेरुसलेम यात्रेकरूंनी गजबजलेलं. इसवी सन 30 च्या सुमारास, शहराबाहेर गुलगुथा नावाच्या जागी, रोमन सैनिकांनी तिघांना वधस्तंभावर खिळलं. मधला येशू. सणाला एक कैदी सोडायची रीत होती आणि जमावानं बरब्बाला मागून घेतलं होतं. बंड आणि खून, हे त्याच्यावरचे आरोप.

सुटलेल्या बरब्बाचं पुढे काय झालं, शुभवर्तमानं, म्हणजे बायबलमधली येशूची चरित्रं, एका अक्षरानं सांगत नाहीत. पण ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा याच अदलाबदलीत आहे : दोषी मोकळा, निर्दोष त्याच्या जागी.

मराठीत बळी घेतला जातो, बलिदान दिलं जातं. शिक्षा फर्मावणाऱ्या रोमन सुभेदार पिलाताच्या लेखी येशू हा घेतलेला बळी. योहानाच्या शुभवर्तमानात मात्र तो स्वतःच सांगतो : माझा प्राण कोणी हिरावून घेत नाही, मी आपण होऊन तो देतो.

(दृश्य : चर्मपत्रावरची हिब्रू अक्षरं)

या श्रद्धेची मुळं यहुदी प्रायश्चित्ताच्या दिवसात आहेत. बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात दोन बकरे येतात. एक कापला जायचा. दुसऱ्याच्या डोक्यावर महायाजक दोन्ही हात ठेवून लोकांची पापं मोठ्यानं कबूल करायचा आणि ते ओझं घेऊन तो मुका जीव रानात हाकलला जायचा. दर वर्षी, नव्यानं. त्या बकऱ्याला कुणी विचारत नव्हतं. बायबलमधलंच इब्री लोकांस लिहिलेलं पत्र इथंच फरक दाखवतं : ख्रिस्तानं अर्पण केलं ते स्वतःला, आणि एकदाच.

येशूच्या मरणानं पापाची किंमत चुकवली म्हणतात. मग ती कुणाला? तिसऱ्या शतकात ओरिजेन या ख्रिस्ती धर्मपंडितानं ही खंडणी सैतानाला दिली गेली असं सुचवलं. पुढच्या शतकात नाझियान्झसचा बिशप ग्रेगरी त्यावर चिडलाच : दरोडेखोराला खंडणी, आणि तीही देवाच्या पुत्राची? 1098 च्या सुमारास आर्चबिशप अँसेल्म म्हणाला, पापानं देवाचा मान हिरावला, त्याची भरपाई माणसाला झेपणारी नव्हती. फ्रेंच धर्मपंडित अबेलार्डला त्यापेक्षा त्या मरणानं माणसाच्या मनात जागं होणारं प्रेम मोठं वाटलं. 381 च्या मतांगीकारात, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेच्या अधिकृत कबुलीत मात्र एवढंच आहे, ‘आमच्यासाठी’. कसं, ते नाही. मला ते मौन शहाणपणाचं वाटतं.

(दृश्य : काटेरी तारा, रिकामं मैदान)

1941, ऑशविट्झ ही नाझी छळछावणी. एक कैदी पळाल्याची शिक्षा म्हणून दहा जणांना उपाशी मारायचं ठरलं. निवडलेल्यांपैकी फ्रांचिशेक गायोव्हनिचेक बायकामुलांच्या आठवणीनं रडू लागला. रांगेतून माक्सिमिलियन कोल्बे नावाचा धर्मगुरू पुढे आला : याच्याऐवजी मला घ्या. कोठडीत दोन आठवडे काढूनही तो जिवंत होता. 14 ऑगस्टला विषारी इंजेक्शन देऊन त्याला मारलं.

1982 मध्ये रोममध्ये कोल्बेला संत घोषित केलं, तेव्हा समोरच्या गर्दीत एक म्हातारा होता. गायोव्हनिचेक. तो त्यानंतरही बारा वर्षांहून जास्त जगला.