प्रवरेकाठचा पिंडाश्म

नेवाशाजवळ प्रवरेच्या काठाने चालताना काळ्या पाषाणावर गोट्यांचा एक कठीण थर बसलेला दिसतो. हा पिंडाश्म आहे, म्हणजे दोन मिलिमीटरपेक्षा मोठे, झिजून गोल झालेले दगड वाळूत रुतून आणि सांधले जाऊन बनलेला खडक. दुरून तो जुन्या काँक्रीटसारखा दिसतो, आणि ही तुलना अगदीच गैर नाही. गोट्यांऐवजी धारदार, कोनदार तुकडे असते, तर त्याला कोणाश्म म्हटले असते.

दख्खनच्या पठारावर ओळखण्यात एक चूक हमखास होते. लाव्हारसातील वायूच्या पोकळ्या नंतर पांढऱ्या खनिजांनी भरल्या की बेसाल्टही, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा काळा खडक, गोटे जडवल्यासारखा दिसतो. परंतु ते ठिपके जागच्या जागी वाढलेले असतात, तर पिंडाश्मातील प्रत्येक गोटा दुसरीकडून वाहत आलेला असतो आणि दोन गोट्यांच्या मध्ये वाळू असते.

गोटे कुठून आले, हे त्यांच्या जातीवरून कळते. येथे बहुतेक बेसाल्टचे आहेत. अधूनमधून चर्ट, जास्पर आणि अकीक हे गारगोटीच्या जातीचे कठीण दगड सापडतात, आणि तेही बेसाल्टच्याच भेगा-पोकळ्यांत तयार झालेले असतात. सह्याद्रीत उगम पावणारी प्रवरा सगळी वाट लाव्हाच्या खडकांवरूनच येत असल्याने याहून वेगळे काही ती आणणार तरी कोठून? चपटे गोटे कौलांसारखे एकमेकांवर रेललेले असतील, तर त्यांचा उतार उगमाच्या दिशेला असतो, म्हणून पाणी आटल्यावरही जुन्या प्रवाहाची दिशा सांगता येते.

सांधणारे द्रव्य मुख्यतः चुना आहे. विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की तो फसफसतो. हातोडीच्या घावाने गोटा फुटण्याऐवजी अख्खा निखळून मागे खळगा उरला, तर सांधा गोट्याहून कच्चा आहे असे समजावे.

याच परिसरातील नदीच्या गोटाळ थरांत डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांना १९५० च्या दशकात अश्मयुगीन हत्यारे मिळाली, आणि पुढच्या दशकात गुद्रुन कॉर्व्हिनस यांनी चिरकी नाल्याजवळ उत्खनन केले. थरात अडकलेले हत्यार थराच्या वेळचे किंवा त्याहून जुने असते, नंतरचे नसते. त्याच्या कडा शेजारच्या गोट्यांप्रमाणे बोथट झाल्या असतील, तर तेही पुराबरोबर गडगडत आले. कडा अजून तीक्ष्ण असतील, तर ते घडवणारा माणूस फार दूर बसला नव्हता.