फी जूनमध्ये, सत्कार ऑगस्टमध्ये

मंडळी, गुणवंतांच्या सत्काराला माझा विरोध नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी, कुठेही जा, निकाल लागले की पुढचे कितीतरी रविवार हे समारंभ चालतात. शाल, श्रीफळ, पाकिटात हजार रुपये, शिवाय फोटो. माझी सगळी नोकरी कॉलेजच्या कचेरीत, फीच्या खिडकीमागे गेली. त्या खिडकीवर पैसे लागतात जूनमध्ये. सरकारी शिष्यवृत्ती मंजूर झाली तरी ती खात्यावर यायला अनेकदा वर्ष सरत येतं. तोवर बापाने कुठूनतरी भरायचे. पोरगं गळतं ते याच मधल्या महिन्यांत. खानापूरकडचं असलं तर गोव्याला कामाला जातं, शहराजवळचं असलं तर उद्यमबागेतल्या फौंड्रीत. आणि त्याला बारावीला नव्वद टक्के नसतात, त्यामुळे ते आपल्या कुठल्याच यादीत येत नाही.

म्हणून मी म्हणतो, देणगी गुणांच्या मागे धावू नये, गरजेच्या तारखेला पोचावी.

दान करायला या जिल्ह्याला कुणी शिकवायला नको. शिरसंगीच्या लिंगराज देसाईंनी आपली इस्टेट लिंगायत मुलांच्या शिक्षणासाठी ठेवली आणि १९०६ साली ते गेले. आज बेळगावात त्यांच्या नावाचं कॉलेज आहे. तिकडे कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून एकेका समाजासाठी बोर्डिंगं उभी केली. खेड्यातल्या मुलाला परत पाठवतो तो राहण्या-जेवणाचा खर्च, हे त्यांनी ओळखलं होतं. आजही तसंच आहे. सरकारी कॉलेजची फी एखादा शेतकरी कशीबशी भरतो. खोलीभाडं, मेस, परीक्षेची फी, इंजिनिअरिंगच्या मुलाचा लॅपटॉप, हे त्याला झेपत नाही. मुलींना २०२३ पासून कर्नाटकाच्या साध्या सरकारी बसमध्ये तिकीट नाही, तेवढा एक भार उतरला. कणकुंबी-जांबोटीकडच्या मुलाला पास काढावाच लागतो.

आता ठेवीबद्दल बोलतो, कारण इथे बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी आई-वडिलांच्या नावाने, व्याजातून मुलांना मदत व्हावी म्हणून, ठेव ठेवली असेल. समजा, कुणी तीस वर्षांपूर्वी दहा हजार रुपये ठेवले. त्या काळी व्याजाचे दर दहा-बारा टक्के होते, वर्षाला हजारभर रुपये मिळत. हजारात तेव्हा मुलाचं बरंच काही भागायचं. आज सात टक्के धरले तरी सातशेच मिळतात, त्यात धड पुस्तकंही येत नाहीत. मुद्दल तेवढंच राहिलं, महागाई वाढत गेली. शिरसंगीकरांनी दिली ती जमीन, तिचं मोल काळाबरोबर वाढतं. बँकेतल्या पावतीचं तसं होत नाही. एक तर व्याजातला काही भाग दरवर्षी मुद्दलात घाला, नाहीतर ठेवीचा नाद सोडून दरमहा वर्गणी काढा. वीस जणांनी महिन्याला पाचशे दिले तर वर्षाला एक लाख वीस हजार होतात, म्हणजे दहा मुलांना प्रत्येकी बारा हजार. पुण्यात, गोव्यात, आखातात गेलेली आपली पोरं पाचशे सहज देतील. नाव कुणाचं लावायचं यावरून भांडण होईल, तेवढं सांभाळा!

सीमेची एक वेगळीच भानगड आहे. निपाणीच्या कितीतरी मुलांचं कॉलेज म्हणजे अर्जुननगरचं देवचंद कॉलेज. गावाला लागून, पण महाराष्ट्रातल्या कागल तालुक्यात, शिवाजी विद्यापीठाचं. रहिवासी दाखला एका राज्याचा, कॉलेज दुसऱ्या राज्यातलं. महाराष्ट्राच्या व्यावसायिक अभ्यासक्रमांत सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी प्रवेशाची वेगळी सोय आहे, पण प्रवेश मिळाला तरी पुढच्या खर्चाला कुठल्या राज्याच्या पोर्टलवर अर्ज करायचा, इथे पालक गोंधळतात. आपल्या वर्गणीला हद्द आडवी येत नाही.

पैसे देणं ज्यांना जमत नाही, त्यांनी जूनमध्ये रोज दोन तास द्यावेत. विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्राच्या कामगार खात्याची शिष्यवृत्ती आहे, निपाणीत किती घरांना ती लागू होईल याचा विचार करा. अर्ज अडतो तो बारीकसारीक गोष्टींवर: नाडकचेरीचा, म्हणजे इथल्या महसूल कचेरीचा, उत्पन्नाचा दाखला जुना झालेला, आधार आणि दहावीच्या मार्ककार्डावर आडनावाचं स्पेलिंग वेगळं, बँक खातं आधारला जोडलेलं नाही. विडी वळणाऱ्या आईला हे कोण सांगणार? निवृत्त कारकून असतील इथे, त्यांना हे डोळे मिटून येतं.

मघाशी एकांनी विचारलं, मुलगा नोकरीला लागल्यावर पैसे परत घ्यायचे का? लिहून घेऊ नका. बॉण्ड केला की ते कर्ज झालं, आणि कर्जाला गरीब घर आधीच भ्यालेलं असतं. नोकरी लागली की एकदा फोन करून वर्गणीदारांच्या यादीत त्याचं नाव घालू का, एवढं विचारा. नाही म्हणाला तर पुन्हा विचारू नका. आणि पैसे मुलाच्या हातात समारंभात न देता थेट कॉलेजच्या खात्यावर भरा, मेसवाल्याचे मेसवाल्याला. पहिल्या वर्षी दिलेत तर तिसऱ्या वर्षापर्यंत द्यायची तयारी ठेवा. एखाद्या विषयात नापास झाला म्हणून बंद करू नका, पुरवणी परीक्षेची फीसुद्धा आपणच भरायची.