उत्तरेचा वाफसा

नमस्कार मंडळी. एका रविवारच्या सकाळपासून सुरुवात करतो, नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा, फिनलंडमधलं ओउलू गाव, सकाळचे साडेनऊ. दहा मिनिटांपूर्वी माझ्या हेडफोनमध्ये जपानी हौशी रेडिओ स्टेशनांची रांग लागलेली, एकावर एक कॉल करतायत, मी एकेकाला लॉगमध्ये घेतोय. मग सुरांना कंप सुटला. मोर्सचे डॉट फरफटल्यासारखे ऐकू यायला लागले, दोन डॉट आहेत का तीन तेच कळेना, आणि थोड्या वेळात सगळं बंद. नुसती शांतता, नेहमीची खरखरसुद्धा कमी झालेली. मला वाटलं अँटेनाचं काहीतरी झालं, म्हणून उणे बावीसमध्ये बाहेर जाऊन टॉवरपर्यंत सगळी केबल बघून आलो. सगळं जागेवर होतं. गेलं होतं ते आकाश.

तर त्या आकाशाबद्दल आज बोलायचंय.

मी नोकरीसाठी ओउलूला गेलो, तिथं टेलिकॉमची कामं भरपूर, आपली मराठी माणसंही बरीच. हॅमचं, म्हणजे हौशी रेडिओचं, लायसन्स इथलं, भारतातलं होतंच, तिथली परीक्षा वेगळी दिली आणि एका क्लबच्या स्टेशनवर बसायला लागलो. ओउलू ६५ अंश उत्तरेला, म्हणजे आर्क्टिक सर्कलच्या थोडं खाली. पुण्यात शिकलेलं रेडिओचं निम्मं ज्ञान तिथं लागूच पडत नाही, हे पहिल्या हिवाळ्यात कळलं.

इथं बसलेल्यांपैकी जे हॅम नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. कॉन्टेस्ट म्हणजे ठरलेल्या वेळात जास्तीत जास्त स्टेशनांशी, जास्तीत जास्त देशांशी संपर्क करायचा. सगळ्यात मोठी सीक्यू वर्ल्डवाइड, ४८ तास, आवाजाची ऑक्टोबरच्या शेवटच्या पूर्ण वीकेंडला आणि मोर्सची नोव्हेंबरच्या. शनिवारी शून्य तास यूटीसीला चालू, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाच. संपर्कात काय सांगायचं, तर सिग्नल रिपोर्ट आणि आपला झोन. जगाचे ४० झोन पाडलेत, फिनलंड १५, भारत २२. दुसऱ्या खंडातल्या स्टेशनला ३ पॉइंट, आपल्याच खंडातल्या दुसऱ्या देशाला १, स्वतःच्या देशाला शून्य, आणि प्रत्येक बँडवर, म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या प्रत्येक पट्ट्यावर, मिळालेल्या झोन आणि देशांच्या संख्येनं एकूण पॉइंट्सना गुणायचं. म्हणूनच केप व्हर्डेसारख्या बेटावर बसलेला माणूस इतका पुढं जातो. तो आफ्रिकेत मोडतो, त्यामुळं अख्खा युरोप त्याला ३ पॉइंट देतो, अमेरिकाही ३ देते, आणि चहूबाजूंना समुद्र, डोक्यावर वर्षभर सूर्य.

आमच्या डोक्यावर काय असतं, तर अरोरा, ध्रुवाकडच्या आकाशातला प्रकाश. फिनिशमध्ये त्याला रेव्होंतुलेत म्हणतात, कोल्ह्याची आग. पर्यटक तो बघायला हजारो किलोमीटर येतात आणि खरंच तो बघण्यासारखा आहे, पण ज्या इलेक्ट्रॉनमुळं आकाश हिरवं होतं त्यांच्यातले जास्त ऊर्जेचे इलेक्ट्रॉन आणखी खाली, नव्वद-ऐंशी किलोमीटरपर्यंत घुसतात, तिथली हवा आयनित करतात, आणि आमचा शॉर्टवेव्हचा सिग्नल तिथंच शोषला जातो, जो थर त्याला परत खाली वळवतो त्या वरच्या थरापर्यंत पोचतच नाही. हे शोषण सकाळच्या तासांत जास्त असतं, माझी साडेनऊची वेळ त्यातलीच. आणि फ्रिक्वेन्सी अर्धी केली की शोषण साधारण चौपट, म्हणजे खालच्या, कमी फ्रिक्वेन्सीच्या बँडला सगळ्यात मोठा फटका. हे शोषण मोजायचं यंत्र, रिओमीटर, १९५० च्या दशकात अलास्कात तयार झालं, तेही उत्तरेतच. आमच्या बाजूला सोदानक्युलाला १९१३ मध्ये स्थापन झालेली वेधशाळा आहे, तिथल्या मॅग्नेटोमीटरचा, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकाची हालचाल मोजणाऱ्या यंत्राचा, ग्राफ कॉन्टेस्टभर माझ्या दुसऱ्या स्क्रीनवर उघडा असतो. रेषा शांत चालली आहे तोवर मीही शांत असतो.

आता एक गोष्ट नकाशावर नाही, पृथ्वीच्या गोलावर बघायला पाहिजे. ओउलूहून लॉस एंजेलिसला सरळ रेषेत जायचं तर अँटेना ३३० अंशाला फिरवावी लागते, वायव्येच्याही वर, आणि वाट ग्रीनलंडच्या उत्तर भागावरून जाते. भूचुंबकीय ध्रुव त्याच बाजूला आहे, त्यामुळं त्या ध्रुवाभोवतीचं अरोराचं कडंही त्या बाजूला सरकलेलं आहे आणि आमच्या अमेरिकेच्या वाटेला ते आडवं येतं. जपानची वाट सायबेरियाच्या आर्क्टिक किनाऱ्यावरून जाते, तीही बरीच वर चढते, पण चुंबकाच्या हिशोबानं तो भाग तेवढा उत्तरेला नाही, त्यामुळं जपान बऱ्याच वेळा टिकतो. आणि जपान म्हणजे आमचं धान्याचं कोठार आहे, हजारो हॅम, प्रत्येकाचे ३ पॉइंट, शिवाय त्यांचा मोर्स इतका स्वच्छ की ऐकत राहावं.

माझे आजोबा सोलापूरकडचे, कोरडवाहू शेती. पाऊस पडून गेला की रोज सकाळी शेतात जाऊन मूठभर काळी माती घ्यायचे, दाबायचे, सोडायचे. चिकटून गोळा राहिला तर अजून थांबायचं, भुसभुशीत होऊन पडली तर वाफसा आला, मग घरातलं सगळं सोडून पेरणीला निघायचं, कारण वाफसा दोन-तीन दिवसांचा, गेला की गेला. लहानपणी ते बघताना मला त्यातली घाई तेवढी दिसायची. ओउलूला बसल्यावर त्यातलं थांबणं कळलं. उत्तरेतून कॉन्टेस्ट खेळणं म्हणजे वाफसा ओळखणं आहे, माझं सगळं म्हणणं एवढंच. दक्षिणेतला ऑपरेटर तासाला किती संपर्क झाले ते बघून चालतो, त्याचं पाणी बारमाही आहे. आमच्याकडे एखादा बँड वीस मिनिटं उघडतो आणि त्या वीस मिनिटांत तुम्ही झोपलेले असाल, जेवत असाल किंवा दुसऱ्या बँडवर बसलेले असाल तर तो परत येईलच असं नाही. म्हणून झोप सुद्धा मी ग्राफ बघून घेतो. रेषा उसळली, सगळं मेलं, की लगेच नव्वद मिनिटं आडवा. पहिल्या वर्षी मी उलटं केलं होतं, मेलेल्या बँडवर हट्टानं सहा तास कॉल करत बसलो आणि बँड उघडला तेव्हा डोळे मिटायला लागले.

पण त्याच उत्तरेचा एक वाफसा असा आहे जो दुसऱ्या कोणाला मिळत नाही. नोव्हेंबरच्या शेवटी ओउलूला सूर्य जेमतेम पाच तास असतो, तोही झाडांच्या शेंड्यांना टेकलेला. आणखी वर उत्स्योकीला तर साधारण त्याच आठवड्यात मावळतो तो जानेवारीच्या मध्यातच उगवतो. खालच्या थरातलं दिवसाचं शोषण हे सूर्यामुळं होतं, सूर्यच नाही तर ते नाही. म्हणजे चुंबक शांत असेल तर ८० मीटर, १६० मीटर हे जे खालचे बँड पुण्यात फक्त रात्री चालतात ते तिथं दुपारीसुद्धा जिवंत असतात. भर दुपारी बारा वाजता, बाहेर निळसर उजेड, आणि ८० मीटरवर लांबचं स्टेशन ऐकू येतंय, हे पहिल्यांदा झालं तेव्हा मी घड्याळ दोनदा बघितलं. खालच्या बँडसाठी तिथले लोक काय काय करतात! ओउलूजवळ अर्कालाला हॅम लोकांनी शंभर मीटरच्या आसपास उंचीच्या टॉवरवर १६० मीटर बँडचा फिरणारा यागी, म्हणजे एका दिशेला तोंड करणारी अँटेना, बसवला होता. १६० मीटरचा यागी, तोही फिरणारा, कल्पना करा, त्याचा एकेक एलिमेंट, एकेक आडवा दांडा, म्हणजे एक मोठं शिडाचं जहाज. पुढे तो वादळात कोसळला, पण तो उभा राहिला होता हेच मला फार मोठं वाटतं.

आमचं काम साधं होतं. ऐकण्यासाठी जंगलात बेव्हरेज अँटेना, म्हणजे दोन-अडीचशे मीटर लांब वायर. खाली बांधली तर रेनडिअर शिंगात अडकवून ओढून नेतात, म्हणून तीन मीटरवर बांधायची, मग शिडी लागते, मग बर्फात शिडी रोवायला फावडं लागतं. उणे तीसला केबल काठीसारखी कडक होते, वाकवली की तडकते. रोटेटरमधलं ग्रीस घट्ट होतं आणि अँटेना फिरतच नाही, म्हणून गार पडायच्या आधीच ती कुठं तोंड करून ठेवायची ते ठरवावं लागतं. कोरडा बर्फ वाऱ्यानं वायरवर घासला की हेडफोनमध्ये अशी सूं सूं चढते की काहीच ऐकू येत नाही. हे सगळं उन्हाळ्यात करून ठेवायचं असतं आणि उन्हाळ्यात डास असतात, एवढंच सांगतो.

कंप सुटलेल्या सिग्नलचं एक सांगायला पाहिजे कारण त्यानं स्कोअर जातो. अरोरात मोर्स मिनिटाला ३५ शब्दांच्या वेगानं पाठवला तर समोरच्याला लापशी ऐकू येते. तो अंदाजानं तुमचा कॉलसाइन, म्हणजे स्टेशनची ओळख-अक्षरं, लिहितो, चुकतो, मग लॉग तपासताना तो संपर्क कटतो. मी सरळ २२ वर येतो. वेळ जातो, पण लिहिलेलं टिकतं.

उत्तरेत दुर्मीळ असण्याचा फायदाही असतो, पण तो आम्हाला नाही, अजून वरच्यांना. स्वालबार्ड, ग्रीनलंड, आइसलंड हा झोन ४०, आणि लॅब्राडॉर, उत्तर क्युबेक हा झोन २, जिथं माणसंच कमी. तिथून कोणी एकदा कॉल केला की अख्खं जग तुटून पडतं, कारण सगळ्यांना तो झोन हवा असतो. स्वालबार्डवर भारताचं हिमाद्री संशोधन केंद्रही आहे, २००८ पासून, न्यू-ओलसुंड गावात. तिथं मात्र नाजूक वैज्ञानिक उपकरणांसाठी रेडिओशांतता पाळतात, वायफायसुद्धा चालत नाही.

लोक विचारतात, मग ही स्पर्धा न्याय्य आहे का? डब्ल्यूआरटीसी नावाची एक स्पर्धा आहे, १९९० मध्ये सिएटलला सुरू झाली, तिच्यात सगळ्या टीमना एकाच भागात सारखी अँटेना देऊन बसवतात, २००२ ची तर फिनलंडमध्येच झाली, तिथं खरंच माणसाचं कौशल्य मोजलं जातं आणि तिच्याबद्दल मला आदर आहे. पण मला अक्षांशाची सवलत नको आहे. माझा स्कोअर मी केप व्हर्डेशी लावत नाही, रोव्हानिएमीच्या आणि उत्तर स्वीडनच्या माणसाशी लावतो, ज्याच्या डोक्यावर त्या दिवशी तेच आकाश होतं. बीडच्या शेतकऱ्यानं कोल्हापूरच्या उसाशी बरोबरी करायची नसते.

आता त्या रविवारकडे येतो. केबल बघून आत आलो, हात शेकले. अमेरिका बंद, जपान बंद. ग्राफ अजून उसळलेलाच होता. मग अँटेना १२० अंशाला फिरवली, आग्नेयेला, अरोराच्या उलट दिशेला. ती वाट लगेच दक्षिणेला उतरते, तिला कडं आडवं येत नाही. १५ मीटर बँडवर खालून वर हळूहळू फिरत गेलो. एक अरबी आखातातलं स्टेशन, एक केनियातलं, आणि मग एक कमजोर पण काचेसारखा स्वच्छ सूर, सुरुवातीला व्ही-यू, म्हणजे भारतातला. मी माझा कॉल दिला. त्यानं पहिल्या झटक्यात घेतला आणि उत्तर दिलं, फाइव्ह नाइन नाइन, बावीस. मी पंधरा दिले. कॉलसाइन ओळखीचा होता, पुण्याचा, सव्वासहा हजार किलोमीटरवर, त्याच्याकडे तेव्हा दुपारचे दीड वाजले असणार. कॉन्टेस्टमध्ये दुसरं काही बोलत नाहीत, मीही बोललो नाही, थँक्यूची दोन अक्षरं दिली आणि पुढं गेलो. त्या तासात लॉगमध्ये अकरा संपर्क आहेत, त्यातला तो चौथा.

नोव्हेंबरमध्ये इथून, पुण्यातून कोणी बसणार असाल तर अँटेना ३३८ अंशाला, जवळजवळ उत्तरेलाच, फिरवून ऐका, दुपारी १५ मीटरवर, संध्याकाळनंतर ४० वर. आमच्या सुराला कंप असेल, त्यावरून ओळखाल. आणि उत्तर देताना जरा हळू पाठवा.